मोजले, तोलले नाहीत

ऑफिसात तिला सगळे टाचणी म्हणायचे. कागदाला कागद टाचल्याशिवाय ती पुढे सरकत नसे, हे एक कारण. आणि बोलली की टोचतं, हे दुसरं. तिला दोन्ही कारणं ठाऊक होती आणि तिची कशालाच हरकत नव्हती. ऑडिटच्या धंद्यात सोळा वर्षं काढल्यावर माणूस गोड बोलणाऱ्यांनाच जास्त घाबरायला लागतो, असं ती म्हणायची.

त्या सोमवारी ती केबल कंपनीच्या गोदामात माल मोजायला गेली. आर्थिक वर्ष संपून सहा आठवडे झाले होते. मोजणीची तारीख कंपनीने दोनदा पुढे ढकलली होती, एकदा माल पाठवायची घाई म्हणून आणि एकदा गोदामाला रंग द्यायचा म्हणून. आता मात्र गुरुवारी हिशोब पक्के होऊन अहवालावर सही व्हायची होती, त्यामुळे टाळायला जागाच उरली नव्हती. दुपारपर्यंत येते, असं सांगून ती निघाली.

गोदाम लांबलचक, पत्र्याच्या छताचं. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आणि त्यांच्या आत रांगेने उभे केलेले लाकडी ड्रम, खांद्याएवढ्या उंचीचे, तांब्याची केबल गुंडाळून वर काळं प्लास्टिक लपेटलेले. प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदावर केबलची लांबी, जाडी आणि वजन. यादीप्रमाणे चारशे बारा ड्रम हवे होते. या मालाच्या भरवशावर कंपनीला बँकेचं कर्ज मिळालं होतं, आणि याच मालाचा आकडा दाखवून ती लोकांकडून मुदतठेवी घेत होती, बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज देऊन.

स्टोअरकीपर यादी घेऊन तिच्याबरोबर फिरत होता. पन्नाशीचा माणूस, एरवी बोलका, आज गप्प. तिने आकडा वाचायचा, त्याने यादीवर खूण करायची, असं अकरा वाजेपर्यंत चाललं. पाचव्या रांगेच्या मागचे कागद दिसेनात, म्हणून तिने पुढचे तीन-चार ड्रम बाजूला काढायला सांगितले. फोर्कलिफ्टवाल्याने दोन ड्रम काढले. इंजिन कण्हत होतं, गाडी मुंगीच्या पावलांनी चालली होती. मग त्याने मागच्या रांगेतला एक ड्रम उचलला आणि गाडी जी निघाली ती वळणावरसुद्धा हळू झाली नाही. ड्रम जरा वाकडा टेकला. फोर्कलिफ्टवाला खाली उतरला, त्याने खांदा लावून ड्रम सरळ केला आणि परत गाडीवर चढला.

ती लिहायची थांबली. कागदावर वजन होतं एकोणीसशे वीस किलो.

स्टोअरकीपरने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच यादीत डोकं घातलं. तेवढ्यावरून तिला कळलं की त्याला माहीत आहे.

"हा ड्रम तोलायचा," ती म्हणाली.

गोदामातला काटा बिघडलेला होता. दुरुस्तीवाला परवा येणार होता. मग ट्रकवर घालून रस्त्यावरच्या सार्वजनिक काट्यावर नेऊ, ती म्हणाली. ट्रक सगळे बाहेर गेलेले होते. मग मी थांबते, ती म्हणाली आणि एका रिकाम्या खोक्यावर बसली. पाण्याची बाटली काढून शेजारी ठेवली.

वीस मिनिटांत कंपनीचे वित्तप्रमुख आले. मृदू बोलणारा माणूस, आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तिला ऑफिसात चहाला बोलावलं, ती गेली नाही. मग तेच तिच्यासमोर उभे राहून समजावत राहिले. काही ड्रम अर्धवट भरलेले असतात, कागद चुकून आधीच लागतात, मनुष्याच्या हातून होतं. मोजणी म्हणजे मोजणी, तोलणं तुमच्या कामात कुठे बसतं? गेल्या वर्षी तर तुम्हीच आला होतात, जेवणाच्या आत आटपलं होतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं, पण ते बरोबर जागी लागलं. गेल्या वर्षी तिनेच मोजलं होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी ड्रम, तीनशे अठ्ठ्याऐंशी खुणा.

तिच्या फोनवर मोठ्या साहेबांचा फोन आला. मोठे साहेब म्हणजे तिच्या फर्मचे मालक, अहवालावर सही त्यांची. अजून किती वेळ, त्यांनी विचारलं. कंपनीच्या अध्यक्षांनी त्यांना फोन केला होता हे उघड होतं. एक ड्रम तोलून निघते, असं ती म्हणाली.  मग ते म्हणाले, "तोल."

ट्रक मिळायला तीन वाजले. ती ड्रायव्हरशेजारी बसून काट्यापर्यंत गेली, ड्रमवरून नजर हलू दिली नाही. काट्याची पावती हातात आली तेव्हा तिने ती दोनदा वाचली. सहाशे चाळीस किलो.

मंगळवारी सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीचं दार बंद करून ती त्यांच्यासमोर बसली. साहेब एकसष्ट वर्षांचे होते. भिंतीवर त्यांचं सनदपत्र, टेबलावर औषधांची डबी. त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली.

"गेल्या वर्षीची मोजणी कोणाची?"

"माझी."

"आणि सही माझी," ते म्हणाले.

मग ते बराच वेळ वेगवेगळ्या वाटा शोधत राहिले. एका ड्रमवरून काही सिद्ध होत नाही. कंपनीकडून लेखी खुलासा मागवू. सही पंधरा दिवस पुढे ढकलू, तोवर शांतपणे सगळा माल तपासू. बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. पण या पंधरा दिवसांत ठेवी येतच राहणार होत्या आणि साहेबांनाही ते कळत होतं. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर गेल्या वर्षीची स्वतःची चूक चव्हाट्यावर येणार, न सांगावं तर ती दुप्पट होणार.

तिने ठरवलं नव्हतं, तरी तोंडून निघून गेलं. "साहेब, माझे भावजी गुरुवारी त्यांच्याकडे ठेव ठेवणार आहेत. घर विकून आलेले पैसे आहेत. सगळे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. तू घरात एक शब्द बोललीस आणि ते बाहेर आलं, तर उद्या कंपनीचा वकील म्हणेल, ऑडिटरबाईंनी आपल्या माणसांना आधी वाचवलं आणि मग गावभर आग लावली. आपला सगळा अहवाल तिथेच मातीत जाईल. आणि ठेवीदार अकराशे आहेत. बाकीच्यांच्या घरात ऑडिटर मेहुणी नाही."

तिला ते पटलं, म्हणूनच जास्त बोचलं. "मग तुम्हीही पंधरा दिवस थांबू नका," ती म्हणाली. "माझं तोंड बंद ठेवायचं असेल तर तुमचं उघडा."

सोळा वर्षांत ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती. साहेबांनी डबीतली एक गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि कोट हातात घेऊन उठले.

दुपारी दोघं गोदामात होती. साहेबांनी स्वतः बोट दाखवून वीस ड्रम निवडले, पुढच्या रांगांतले दहा आणि मागचे दहा. अध्यक्षांचा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. वित्तप्रमुखांनी ड्रम उघडायला परवानगी नाकारली. साहेब म्हणाले, नकार लेखी द्या, तोही अहवालाला जोडतो. वित्तप्रमुख पाच मिनिटं नुसते उभे राहिले आणि मग बाजूला झाले. फोर्कलिफ्टवाल्याने प्लास्टिक फाडलं, केबल सोडवायला सुरुवात केली. पुढचे दहा ड्रम आतपर्यंत तांब्याचे होते. मागच्या पहिल्याच ड्रमवर केबलचा एक थर होता, आणि त्याखाली फळ्यांचा पोकळ पिंप. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. स्टोअरकीपर भिंतीला टेकून खाली बसला आणि त्याने कुणी न विचारता सांगितलं की असे दोनशे सत्तर आहेत, गेल्या वर्षी एकशे नव्वद होते.

गेल्या वर्षीचा आकडा तिने वहीत लिहून घेतला. ती बाहेर येऊन ट्रकच्या पायरीवर बसली. साहेब तिच्या मागून आले. दोघांच्याही मनात एकच हिशोब चालू असावा. एकशे नव्वद ड्रमांजवळून ती गेल्या वर्षी हातात पेन घेऊन चालत गेली होती, आणि एकालाही तिने साधा धक्का देऊन पाहिला नव्हता.

बुधवारी दुपारी तिला ताईकडे जेवायला जायचं होतं. आठवड्यापूर्वी ठरलेलं. नाही म्हटलं तर का म्हणून विचारलं असतं, म्हणून ती गेली.

ताई आणि भावजी नुकतेच दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आले होते. भावजींनी एकतीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर जुनं घर जिन्यांमुळे झेपेना, विशेषतः तिच्या आईला, आणि आई ताईकडेच असायची. म्हणून घर विकलं. भाडं आणि घरखर्च व्याजावर भागवायचा असा बेत होता. खोकी अजून पूर्ण उघडलेली नव्हती. आई खिडकीपाशी बसून नव्या शेजाऱ्यांची हजेरी घेत होती.

जेवण झाल्यावर भावजींनी ठेवीचा फॉर्म आणून तिच्यापुढे ठेवला. वारसाचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं ते बघ म्हणाले. तिने हात मागे घेतला. मी तपासते त्या कंपनीचा कागद मला हातात घेता येत नाही, असं ती म्हणाली.

"कागद आहे गं, साप नाही," भावजी हसले.

ताई म्हणाली, तिला नका अडचणीत टाकू, तिचे नियम असतात. भावजींनी मान डोलावली आणि स्वतःच चष्मा लावून रकाने वाचू लागले. वाचता वाचता सहज म्हणाले, "मला तुझ्याकडून काही ऐकायचंच नाही. गेल्या वर्षीच्या अहवालावर तुमच्या साहेबांची सही आहे. शेवटच्या पानावर. ती बघितली आणि मगच ठरवलं. नाहीतर एवढं व्याज कोण देतं म्हणून मी आधी नाहीच म्हणत होतो."

तिने ताटं उचलली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून उभी राहिली. दाराशी जाऊन एकच शब्द बोलायचा होता, थांबा. एवढाच. थांबा म्हणणं म्हणजे सगळंच सांगणं. साहेबांचं वाक्य आठवलं, अकराशे माणसं आठवली, आणि त्या अकराशेंतला एकही चेहरा तिच्या डोळ्यांसमोर येईना. येत होता तो फक्त चष्मा लावून एकेक अक्षर लावणारा भावजींचा. तिने नळ बंद केला. ऑफिसात काम आहे असं सांगून ती चपला घालू लागली. आईने खिडकीतून वळून पाहिलं आणि विचारलं, बरं नाही का तुला? बरी आहे, ती म्हणाली.

ऑफिसात पोचल्यावर तिने आधी ठेवी घेणाऱ्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक कार्यालयाला फोन लावला. तक्रार कधीपर्यंत दिली तर त्याच दिवशी कारवाई होते, तिने विचारलं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की कागद पूर्ण हवेत, वजनाची पावती, छायाचित्रं, जबाब, आणि सहीचा अधिकार असलेल्या माणसाने स्वतः यायला हवं. मग ती आणि साहेब कामाला लागले. काट्याची पावती, उघडलेल्या ड्रमांची छायाचित्रं, स्टोअरकीपरचा जबाब, दोन्ही वर्षांच्या याद्या. गेल्या वर्षीच्या मोजणीचा परिच्छेद साहेब स्वतः लिहायला बसले. तिने तो वाचला. त्यात तिचं नाव नव्हतं. फर्मने मोजणी केली, एवढंच होतं. तिने पेनाने तिथे आपलं नाव घातलं. साहेब म्हणाले, गरज नाही. तिने ते खोडलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊला कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. गोपनीयतेचा भंग केल्यास फर्मवर दावा लावू. साहेबांनी आपल्या वकिलाला फोन केला, त्यात दीड तास गेला. नियामकाला कळवणं हा भंग नव्हे, कायद्याने ते कर्तव्यच आहे, हे वकिलाने लेखी दिल्यावर ते निघाले. ती टॅक्सीत घड्याळ बघत होती. साहेबांना दोन जिने चढवेनात, मधल्या पायरीवर ते थांबले, तिने त्यांची बॅग घेतली. खिडकीवर कागदांवर शिक्का पडला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

ठेवी थांबवण्याचा आदेश शुक्रवारी सकाळी निघाला. भावजींनी पैसे गुरुवारी अकरा वाजता भरले होते.

शुक्रवारी दुपारी बातमी फुटली. ती स्वतःच ताईकडे गेली. भावजी खुर्चीत बसले होते, ठेवीची पावती समोर टेबलावर. ताई उभी होती. तिने आत येऊन दार लावलं, पण बसली नाही.

"तुला कधी कळलं?" भावजींनी विचारलं.

"सोमवारी."

"म्हणजे बुधवारी तू इथे जेवलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

तिने कारण सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. रागाने नाही, बस थांबवताना करतात तसा. ताई मात्र तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एक शब्द," ताई म्हणाली. "एक शब्द बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

 ताईने दार उघडून धरलं. ती निघाली. आई आतल्या खोलीत होती, तिला काय झालं ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

चौकशीची सुनावणी दोन महिन्यांनी झाली. मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे ठेवीदार दाटीवाटीने बसलेले. त्यांच्यात भावजी तिला दिसले. तिची साक्ष चाळीस मिनिटं चालली. कंपनीच्या वकिलाने तिला आधी गेल्या वर्षीबद्दल विचारलं. ते एकशे नव्वद ड्रम तुम्हाला दिसले नाहीत का?

"दिसले," ती म्हणाली. "मी ते मोजले. तोलले नाहीत. तोलायला हवे होते. चूक माझी आहे."

मागे कुणीतरी मोठ्याने शिवी दिली. अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याने शांत राहायला सांगितलं. मग वकिलाने मुद्द्याला हात घातला. सोमवार ते गुरुवार ही माहिती तुमच्याकडे होती. या दिवसांत तुमच्या नात्यातल्या किती जणांनी कंपनीतले पैसे काढून घेतले?

"कोणीच नाही."

"नातेवाइकांची ठेव होतीच कुठे, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"होती," ती म्हणाली. "माझ्या बहिणीच्या यजमानांनी गुरुवारी अकरा वाजता ठेवली. घर विकून आलेले सगळे पैसे. मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

 वकिलाने हातातला कागद खाली ठेवला. ऑडिटरबाईंनी आपल्या माणसांना आधी वाचवलं हा त्याचा सगळा डोलारा त्या एका उत्तरावर कोसळला होता. पण तिला त्यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. ती मागे बघायचं टाळत होती. शेवटी बाहेर पडताना नजर गेलीच. भावजी आपल्या खुर्चीत बसलेले होते. शेजारची बाई त्यांना काहीतरी विचारत होती, बहुधा, कोण होती ती. त्यांनी काय सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही.

अध्यक्ष आणि वित्तप्रमुख तुरुंगात गेले. खऱ्या तांब्याचे ड्रम, जमीन आणि यंत्रं विकून ठेवीदारांना शेकडा बेचाळीस मिळाले. आणखी चार महिने गेले असते तर दहासुद्धा मिळाले नसते, असं लिलाव करणारा अधिकारी म्हणाला. मोठ्या साहेबांची सनद तीन वर्षांसाठी काढून घेतली. त्यांनी ती परत मागायची नाही असं ठरवलं आणि फर्म दुसऱ्यांच्या हाती दिली. तिला एक वर्ष कुठल्याही ऑडिटवर काम करायला बंदी झाली. त्या वर्षात तिने एका रुग्णालयाच्या औषधभांडारात नोकरी केली. तिथेही ती बाटल्या उचलून, हलवून बघायची. सहकारी हसायचे.

भावजी पुन्हा गाडी चालवू लागले, एका कारखान्याची बस, सकाळची पाळी. ताई तिच्याशी बोलत नव्हती. आईला भेटायला ती जायची तेव्हा ताई दार उघडायची आणि आतल्या खोलीत निघून जायची. वाद नाही, टोमणे नाहीत. तिला वाटायचं, त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

बंदीच्या आठव्या महिन्यात एका सकाळी ताईचा फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी, ती काम करायची त्याच रुग्णालयात ठरलं होतं. भावजींना पाळी बदलून मिळत नव्हती, आणि डॉक्टरांनी सोबत दोन माणसं हवीत असं सांगितलं होतं. साडेसातला ये, ताई म्हणाली. ती हो म्हणाली. ताईने फोन ठेवला नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"ते म्हणतात, तू सांगितलं असतंस तरी त्यांनी ऐकलं नसतं," ताई म्हणाली. "मला नाही पटत. त्यांनी ऐकलं असतं."

"ऐकलं असतं," ती म्हणाली.

 मग ताईने विचारलं की रुग्णालयात मागच्या बाजूने लिफ्ट आहे का, आईला जिना नको. आहे, ती म्हणाली, मी आधी जाऊन बघून ठेवते.